रजा मंजूर

३ नोव्हेंबर
आले एकदाची! मेढ्याहून वर चढताना जीपनं दोनदा मान टाकली, मी नाही टाकली. हे युद्धस्मारक आणि त्याचं संग्रहालय आता माझ्या ताब्यात. आई कडेगावहून सारखी फोन करते, एकटी पोरगी डोंगरात काय करणार म्हणून. हवालदाराची पोर आहे मी, असं ठणकावून सांगितलं.
दालनात तलवारी, ढाली आणि फायबरचे सैनिक. बाहेर खिंडीच्या तोंडाशी वीरगळांची रांग. इथल्या लढाईत पडलेल्या प्रत्येकासाठी एक दगड, त्यावर ढाल-तलवार घेतलेला वीर कोरलेला. खाली उतारावर धोंडुबाईंची वस्ती. त्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली. जेवले आणि ढाराढूर झोपले.

५ नोव्हेंबर
कोंडीबामामा इथले पहारेकरी, फौजेतून निवृत्त झालेले. संध्याकाळी फाटक लावलं की ते वीरगळांपुढे ताठ उभे राहतात, सलाम ठोकतात आणि म्हणतात, ‘पहारा तुमचा.’ सकाळी येऊन, ‘आलो आमी, बसा आता.’ वस्तीची ही जुनी रीत. हसू आलं, पण फौजीच्या घरातली, पाय आपोआप जुळले.

८ नोव्हेंबर
मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीला लेकीकडे गेले. जाताना बजावून गेले, तेवढं बोलायचं इसरू नगा ताई, आन् पदरचं कायबी घालू नगा.
संध्याकाळी दगडांपुढे उभी राहिले आणि आबा आठवले. दर सणाला त्यांचा एकच फोन, रजा मंजूर झाली नाही. शेवटी आले ते तिरंग्यात. या बिचाऱ्यांना तरी किती वर्षं उभं ठेवायचं? मीच मोठ्यानं म्हणाले, रजा मंजूर, जा आपापल्या घरी.
फार बरं वाटलं.

९ नोव्हेंबर
दगड कोरे आहेत.
चोरी नव्हे, छिन्नीचा घावही नाही. हात फिरवला तर गुळगुळीत. दालनातल्या फायबरच्या सैनिकांची तोंडं खिंडीकडे वळली आहेत. धोंडुबाई सांगत होत्या, वस्तीतली कुत्री पहाटेच डोंगर उतरून पळाली.

१० नोव्हेंबर
भरदुपारी खिंडीत धुकं. धुक्यात घोडी खिंकाळली. गवत आडवं पडत पुढं येतंय आणि त्यावर कुणीच नाही. वस्तीतलं एक वासरू तिकडं गेलं होतं, त्याच्या गळ्यातली घंटा तेवढी सापडली.
मामांना फोन केला. ते रागावले नाहीत, याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, लढाई संपलीच न्हाई ताई. ती मान्सं गनिमाला अडवून उभी हुती, म्हून खाली वस्ती हाय. रजा तुमी दिली, आता ती माघारी येस्तवर पहारा तुमचा. डोळ्याला पट्टी असून निघतो म्हणाले. येऊ दिलं नाही.

११ नोव्हेंबर
धोंडुबाईंना खरं सांगितलं. वस्ती मेढ्याला हलवायची ठरली, पण म्हातारी माणसं, लेकरं, जनावरं, सगळ्यांना उतरायला संध्याकाळ होणार. तोवर खिंड कुणी तरी अडवायला हवी. धोंडुबाईंनी माझा हात धरून ओढलं, आवं ताई, चला की वो. गेले नाही. मी करून ठेवलं, मीच निस्तरणार.
दालनातली तलवार ओढत आणली, उचलत नाही. भीती वाटते, लपवून काय करू? पण येऊ देत.

दुपार
गवत फाटकापाशी —
पहिल्या दगडावर काही तरी उमटतंय. ढाल नाही. माझी वेणी. माझा चष्मा.

संध्याकाळ
शेवटचा ट्रॅक्टर अजून वळणावर. थोडा वेळ हवा. थोडाच.
पाय गुडघ्यापर्यंत थंड. हलत नाहीत. दगडासारखे —
बरंच झालं. आता पळताही येणार नाही.
घोडी थांबली. फुरफुरतायत. माझ्याकडं बघतायत —
बघा. नीट बघून घ्या. पहारा माझा आहे. मी हवालदार ज्ञानू जगतापांची —