राउटर आणि विनायकचा टॉर्च

मंगळवार, संध्याकाळी सव्वासात

आठ दिवस या राउटरशी झगडतेय. केबल बदलली, जागा बदलली, रिसेट तर रोजचंच. ऑफिसची मीटिंग रंगात आली की नेट गेलंच. मी उठून येईपर्यंत परत सुरू. सोफ्यामागं मी पालथी पडून वायरी बघायची, विनायकनं टॉर्च धरायचा. नवरा किती साथ देतो, असं वाटायचं मला!

आज मुद्दाम राउटर दिसेल अशी खोलीच्या दाराशीच बसून मीटिंग घेतली. मी हसले, आणि सासऱ्यांनी उठून राउटरचं बटण बंद केलं.

"बाहेर पावणं बसल्यात. सुनंचं खिदळणं ऐकवायचं काय त्यास्नी?"

विनायक खाली बघत म्हणाला, "मला पहिल्या दिवसापास्नं ठाऊक हाय. तुला वाईट वाटलं असतं की."

आणि तरी आठ दिवस टॉर्च धरला. हात जरासुद्धा हलला नाही त्याचा.