सालपटांच्या ताटल्यांची चोरी

३ नोव्हेंबर १९८७, सेलू
आजपासून नियमित रोजनिशी. कारण शोध लागला आहे. केळीची सालं, मोसंबीची सालं, कोबीचा पाला सोडा घालून शिजवायचा, पाट्यावर वाटायचा, दोन थाळ्यांत दाबून उन्हात वाळवायचा. ताटली तयार. खाऊन फेकली की माती. शेजारचा आश्रुबा स्टेशनासमोर वर्तमानपत्रावर भजी विकतो, लोक शाई खातात. त्याला काही सांगितलेलं नाही. शाळेच्या लॅबमध्ये अठरा वर्षं काढलीत. सीक्रेट कसं ठेवायचं ते कळतं.

७ नोव्हेंबर
बारा ताटल्या गच्चीवर. सौ. म्हणाली, पाट्याला वास येतो. शोधाला येतोच.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
नऊच. तीनदा मोजल्या.

१० नोव्हेंबर
आश्रुबाने विचारलं, "दत्तराव, गच्चीवर काय वाळू घातलंय?" पापड म्हणालो. "कोबीचे?" म्हणाला. म्हणजे एक घटक फुटला.

१४ नोव्हेंबर
नवा माल. प्रत्येक ताटलीमागे खडूने नंबर.

१५ नोव्हेंबर
४ आणि ७ गायब. दुपारभर जिन्यात पाळत. झोप लागली नाही, फक्त डोळे मिटले होते. उघडले तर ९ पण नाही.

१७ नोव्हेंबर
गाड्यावर चार गिऱ्हाइकांसमोर आश्रुबाला विचारलं, माझा माल कुठाय. झारा हातात तसाच राहिला. म्हणाला, "वीस वर्षं शेजारी हाव आपण. मी सालपटं चोरीन?" आवाज कापत होता. चोराचा कापतोच.

१८ नोव्हेंबर
सौ.ला त्याच्या बायकोकडून भांडण कळलं. चहा न देताच म्हणाली, "ताटल्या मीच बंबात घातल्या. वाकड्या दिसल्या. लय चांगल्या पेटतात." नंबर दिसला नाही का, विचारलं. "नंबर मागं होता." आश्रुबा निर्दोष. मात्र कोबीचा प्रश्न उरतोच.

२० नोव्हेंबर
आश्रुबाला माफ केलं. तो भजी तळत राहिला. सॅम्पल पुढे केलं, त्याने गरम भजी वाढली. ताटली वाकली, भजी रस्त्यावर. तेल हलकं असणार.

२४ नोव्हेंबर
पहिली ऑर्डर! आश्रुबाच्या मुलीच्या लग्नाला शंभर ताटल्या. निरोप सौ.ने आणला. माणूस मनाने मोठा; मीच त्याला ओळखायला उशीर केला. कशासाठी हव्यात, विचारलं नाही. ताटलीचं काय करतात हे काय विचारायचं?

९ डिसेंबर
शंभर पूर्ण. हाताची सालं निघाली. सौ.ने पाटा नवा मागितला आहे.

११ डिसेंबर
लग्न. पहाटेच गेलो, मांडणी स्वतः करावी म्हणून. मांडवात पळसाच्या पत्रावळींचे गठ्ठे. माझ्या ताटल्या मागच्या अंगणात, पाण्याच्या हंड्याखाली. साठेक उरल्या होत्या. आश्रुबा एकेक जाळात सारत होता. म्हणाला, "पाव्हण्यांच्या अंघोळी एका काडीत झाल्या, दत्तराव. रॉकेलचा थेंब लागला न्हाई." खरंच खूश होता. कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघून हसला.

नंतर म्हणाला, तुमीबी घ्या उरकून.

घेतली. पाणी कडक होतं.