एका कानाचा वाडगा आणि केझायाचे पणजोबा

मी, ऑर्फा टटल, कै. लायमन टटल यांची पत्नी, वय ७९, राहणार हॅडलो, कनेक्टिकट, हे पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

घर व परसातली सफरचंदाची झाडे भाची मर्सी हिला. बीन्सचे मडकेही तिलाच. त्यात ती फुलझाडे लावणार, मला माहीत आहे. लावू दे.

माझे भिंग जुन्या वस्तूंचे व्यापारी एलिशा ब्रॅडिश यांना. आमच्या प्यूटरच्या, म्हणजे कथलाच्या वाडग्याच्या कानाची नक्षी पाहून त्यांनी तो खुशाल बॉस्टनचा ठरवला होता. अहो, ओतायचे साचे गावोगाव विकले जात! कारागीर ओळखायचा तो त्याने तळाला ठोकलेल्या छापावरून. पुढच्या वेळी नीट बघून बोला.

छापांच्या माझ्या अकरा वह्या गावच्या वाचनालयास.

आता तो वाडगा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, सासरी कौतुक व्हावे म्हणून, मी तो ओढ्याकाठच्या खरखरीत गवताने घासून लख्ख केला. तळाचा छापच गेला. नणंद केझाया किंचाळली, "अगं बाई, माझ्या पणजोबांना घासून टाकलंस की!" वाडगा पणजोबा असाहेल यांनी ओतला, असे ती सांगे, आणि पुरावा मी धुऊन टाकला होता. सत्तावन्न वर्षे दर रविवारी ती चर्चमधून थेट येते, माझे बीन्स खाते, वाडगा उलटा करते आणि विचारते, "काय गं, सापडले का पणजोबा?" तिच्यापायीच मी छाप वाचायला शिकले.

गेल्या ऑक्टोबरात सापडले. वाडगा पश्चिमेच्या खिडकीत तिरपा धरून तळावर तोंडाची वाफ सोडली, तर गरुडाचा एक पंख दिसला आणि खाली 'असाहेल टटल'. मला रडूच आले. पण केझायाला सांगितले नाही. भांडण मिटले तर ती रविवारी कशाला येईल, अशी भीती वाटली. लबाडी केली, कबूल आहे.

वाडगा केझायाला. अगं, तुझंच खरं होतं. वाफ उडाली की नाव जातं, मग पुन्हा सोडायची. घासू मात्र नकोस.

साक्षीदार : १) सायलस ग्रिग्ज, २) डॉर्कस ग्रिग्ज, शेजारी. केझायालाच सही करायची होती. जिला काही मिळायचे आहे तिला साक्षीदार होता येत नाही, असे वकील म्हणाले. मी तिला नुसतेच "तू नको" म्हटले, तर स्वयंपाकघरात रुसून बसली आहे. बीन्स मात्र खाते आहे.

(सही) ऑर्फा टटल
हॅडलो, रविवार, १४ मे १९६१