तिसरी ‘ब’मधला कोंबडा

सोमवार, २१ जून १९८२
सुरेखा आज पिशवीतून कोंबडा घेऊन आली. वर्ग नुसता नाचला. हिचा बाप गिरणीतला, संपात मालवणकडे गावी गेलाय. तेव्हापासून पोरीच्या तोंडून शब्द नाही. आज कोंबडा मांडीवर घेऊन अख्खा धडा वाचला, तोही खणखणीत. वाचून झाल्यावर मात्र डोळे भरले. म्हटलं, असू दे कोंबडा. माझ्या निम्म्या वर्गापेक्षा त्यालाच शिस्त जास्त.

बुधवार, २३ जून
हेडबाईंना सुगावा लागलाच. “शाळा आहे की मटणमार्केट?” नोटीस निघाली: प्राणी, पक्षी शाळेत आणू नयेत. मी म्हटलं, पोर बोलायला लागलीय, थोडे दिवस चालवून घ्या. तर म्हणे, “उद्या कोणी बकरी आणेल. तुम्हाला घरी कोणी नाही, म्हणून तुम्ही वर्गात...” पुढचं गिळलं. गिळायचं कशाला? खरंच आहे ते.
नोटीस मीच वाचून दाखवली. सुरेखा पिशवी उचलून गेली ती गेलीच.
गिरगावात खोलीवर येऊन वाटीभर भात टाकला. तोही उरला.

शुक्रवार, २५ जून
सुरेखा कालही नाही, आजही नाही. दोनदा तिचं नाव पुकारलं.

शनिवार, २६ जून
शाळा सुटल्यावर लालबागला तिच्या चाळीत गेले. सुरेखा दारातच, कोंबडा कवेत. आई म्हणाली, “बाईंनू, ह्यो नवसाचो कोंबडो. गिरण चालू झाली काय गावच्या वेताळाक देवचो. हिच्या बापाशीन बोललेलो नवस आसा.”
म्हणून पोर घर सोडत नाही. ती शाळेत असताना कोणी कापायला गावाला नेला तर? आणि मी शहाणी! सोमवारी तिची पाठ थोपटत म्हणाले होते, “रडू नको, संप मिटेल हो लवकर.” कपाळ माझं.
आईकडून पोरीसमोर कबूल करून घेतलं, गिरणी सुरू होईपर्यंत कोंबडा कुठे हलवायचा नाही. “त्याआधी कसो देऊ?” आई म्हणाली. सुरेखाने माझ्याकडे नीट बघितलं.

रविवार, २७ जून
दिवसभरात दूधवाल्याशी बोलले, तेवढंच. पोपट पाळावा असं आलं मनात. पण तो माझंच बोलणं मला ऐकवणार. नको.

सोमवार, २८ जून
सुरेखा आली. पिशवी नाही. मधल्या सुट्टीत टेबलाला टेकून हळूच, “बाई, संप मिटणार नाही ना?”
वर्गातल्या बहुतेकांचे बाप घरी बसलेत. काहींचे डबे येईनासे झालेत.
“इतक्यात नाही गं,” मी म्हटलं.
ती हसली. जागेवर जाऊन डबा उघडला, शेजारणीशी बोलायला लागली.
पहिल्या बाकावर मंदा बसली होती, डब्याशिवाय. तिने सगळं ऐकलं. मला तिच्याकडे बघवेना.