बिनदातांचे पोस्टर व वरचा मजला

मी, खाली सही करणारी, छापखान्यांच्या गल्लीत सर्वांची 'प्लेटवाली ताई', धंदा लोकांनी आणलेल्या फाइली छापण्याजोग्या करून त्यांच्या छपाईच्या प्लेटा काढून देणे, आज पूर्ण शुद्धीवर आहे. अक्कल ठिकाणावर आहे. नजर चष्म्यासह उत्तम आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. यजमान शेजारी बसून "आटप लवकर, जेवायचंय" असे म्हणत आहेत, पण कायदा त्याला दबाव मानत नाही असे वकीलबाईंनी सांगितले. सबब माझ्या माघारी भांडणे होऊ नयेत, आणि झालीच तर निदान योग्य मुद्द्यावर व्हावीत, म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते.

कलम एक. राहते घर यजमानांना त्यांच्या हयातीपर्यंत, व त्यानंतर आमच्या एकुलत्या एक लेकीला. यजमानांनी घरात एकटे असताना रेडिओ हळू लावावा. आयुष्यभर छपाईयंत्राजवळ उभे राहून त्यांना कमी ऐकू येते हे मला मान्य आहे, परंतु शेजाऱ्यांना नीट ऐकू येते.

कलम दोन. बँकेतली शिल्लक व दागिने लेकीला. मी हे लिहीत असताना ती मागून वाचत होती आणि म्हणाली, "आई, मृत्युपत्रात टोमणे घालत नाहीत." मी वकीलबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "घालता येतात, पण शक्यतो वेगळ्या कलमात घाला. म्हणजे मालमत्तेला धक्का लागत नाही." त्याप्रमाणे पुढची व्यवस्था केली आहे.

कलम तीन. माझे भिंग यजमानांना. त्यातून छापलेल्या चित्राचे ठिपके दिसतात. त्यांनी त्यातून ठिपकेच पाहावेत, माझ्या मागे भाजी निवडायला वापरू नये. संगणक कोणालाही देऊ नये. त्याने पुष्कळ सोसले आहे.

कलम चार, केवळ टोमण्यांसाठी. व्हिजिटिंग कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून "हाच लोगो हत्तीएवढा करा" म्हणणारे, "साधंच आहे ताई, नुसतं प्रिंट मारायचंय" म्हणणारे, आणि छापून झाल्यावर "स्क्रीनवर वेगळा दिसत होता" म्हणणारे, या सर्व गिऱ्हाइकांना मी माझी क्षमा ठेवून जाते. ती त्यांनी आपसात वाटून घ्यावी. फार नाही, पुरवून वापरावी.

कलम पाच. माझ्या निधनाची बातमी छापायची झाल्यास फोटो मोठा व स्पष्ट घ्यावा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा घेऊ नये. जागेत बसवण्यासाठी मला आडवे ताणू नये. मी हयातीत पुरेशी आडवी आहे. अक्षरे निव्वळ काळ्या शाईत असावीत. चार रंग मिसळून काळे करण्याची हौस काहींना असते, पण ते चार रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत की अक्षरांना बाजूने सावली येते. मेलेल्या बाईच्या नावाला सावली आलेली बरी दिसत नाही. लोक घाबरतात. छापण्यापूर्वी मजकूर दोघांनी वाचावा. एका गृहस्थांचे 'दुःखद निधन' ऐनवेळी 'सुखद' होऊन आलेले मी स्वतः पकडले आहे. त्यांच्या सुनेने ते फाइलमध्येच तसे लिहिले होते. चूक होती की मत होते, हे मी विचारले नाही.

कलम सहा. आता दुकान. या कलमासाठी थोडी हकिकत सांगणे भाग आहे, नाहीतर वाचणाऱ्याला मी असे का केले ते कळणार नाही.

दुकान दोन खोल्यांचे असून माझ्या कमाईचे आहे. खाली मी बसते. वर माझा धाकटा भाऊ बसत असे. तो चित्रे काढी, मांडणी करी, आणि फाइल खाली पाठवी. मी ती तपासून प्लेटा काढी. पलीकडच्या छापखान्यात यजमान त्या छापत. म्हणजे चूक कुठेही झाली तरी घरातच राही. माझ्या भावाचा हात सोन्याचा आहे. मात्र त्याला ब्लीड सोडायचा कंटाळा. ब्लीड म्हणजे कापायच्या रेघेबाहेर चहूकडून सोडलेला जादा रंग. तो नसला आणि सुरी केसभर हलली, की कडेला पांढरी चीर दिसते. मी जिन्याखालून ओरडायची, "अरे, ब्लीड!" तो वरून म्हणायचा, "सोडतो गं ताई!" आणि सोडायचा नाही. अशी आमची वर्षे सुखात गेली.

मग दंतवैद्यांचे पोस्टर आले. भावाने सुंदर चित्र काढले. एक भलेमोठे हसरे तोंड, टपोरे ओठ, आत गडद लाल, आणि त्यावर शुभ्र दातांच्या दोन ओळी. खाली मोठ्या अक्षरांत, 'आमच्याकडे या आणि असे हसा!'

आता छपाईत पांढरा हा रंग नसतो. जिथे पांढरे हवे तिथे शाई न लावता कागद मोकळा सोडायचा असतो. भावाच्या हातून दातांवर ओव्हरप्रिंटची खूण राहिली. तिचा अर्थ, खालचा रंग काढू नका, त्याच्यावरच छापा. पांढरी शाई तर नाही. त्यामुळे दातांच्या जागी खालचा लालच आला. पडद्यावर बत्तिशी, कागदावर बोळके.

मी त्याला जिन्याखालून बजावले होते, "दातांचं ओव्हरप्रिंट बघ रे!" तो म्हणतो, ताई नुसते "दात बघ" म्हणाली, आणि त्याने बघितले, पडद्यावर होते. त्याच्या भरवशावर मी प्लेटा काढल्या. दंतवैद्यांनी मोबाइलवर पाहून अंगठा पाठवला. माझ्या यजमानांनी सगळीच्या सगळी पोस्टरे छापली. मी नंतर विचारले, "अहो, बोळकं दिसल्यावर मशीन थांबवायचं नाही?"

ते म्हणाले, "मला वाटलं, दात काढणारा डॉक्टर आहे. काढले."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बसथांब्यावर ते बोळके लागले, खाली 'असे हसा!' दंतवैद्य दातओठ खात आमच्याकडे आले.

"ताई, माझ्याकडे येऊन लोकांनी असं हसायचं?"

मी माफी मागायला तोंड उघडले, तोच जिन्यात उभ्या असलेल्या माझ्या भावाला हसू फुटले. त्याने आवरायचा प्रयत्न केला हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. पण ते पोस्टर दंतवैद्यांच्या हातात, त्यांच्या छातीशी धरलेले, आणि वर त्यांचा तो चेहरा. भाऊ कठडा धरून खालीच बसला. माझे डोके फिरले. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला चित्रं काढता येतात, फाइल बनवता येत नाही. कधी येणारही नाही."

त्याचे हसणे थांबले. तो वर गेला, संगणकाच्या वायरी काढल्या, सामान पिशवीत भरले, आणि खाली उतरून निघून गेला. जाताना माऊस नेला. माऊस दुकानाचा होता. मी जे म्हणाले ते दंतवैद्यांसमोर म्हणायला नको होते, असे यजमानांचे मत आहे. यजमानांनी ते बोळके स्वतः छापलेले असल्याने त्यांचे मत मी जमेस धरत नाही.

महिना संपायच्या आत त्याने रस्त्यापलीकडे, बरोबर माझ्या दारासमोर, आपले दुकान थाटले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद. पण गल्लीत प्लेटा काढणारी मी एकटी. त्याने केलेले काम घेऊन गिऱ्हाइकाला रस्ता ओलांडून माझ्याकडेच यावे लागे. पहिल्याच पेन ड्राइव्हमध्ये फाइल होती, तिचे नाव: 'ताईने_यात_काही_बदलू_नये'. मी जे बदलायचे ते बदलले, प्लेट काढली, आणि त्याच पेन ड्राइव्हवर फाइल परत धाडली: 'भावाने_फॉन्ट_जोडत_जावेत'. पुढच्या गिऱ्हाइकाबरोबर उत्तर आले: 'जोडले_आहेत_चष्मा_लावावा'. मी: 'चष्मा_लावला_ब्लीड_दिसत_नाही'.

पुढे वर्षानुवर्षे आम्ही असेच बोललो. गिऱ्हाइके बिचारी पोस्टमन झाली. एक मिठाईच्या खोक्यांवाले तर एकदा म्हणाले, "ताई, माझ्या खोक्याच्या फाइलचं नाव 'तू_आधी_सुरुवात_केलीस' असं का आहे?" मी म्हटले, छपाईतली संज्ञा आहे. लेकीच्या लग्नाला भाऊ आला. जेवला, पाठवणीच्या वेळी माझ्याहून जास्त रडला, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेला. दोन दिवसांनी फाइल आली: 'लग्न_छान_झालं_पत्रिकेतला_निळा_जास्त_होता'. निळा खरेच जास्त होता. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचे कोणाला?

गेल्या हिवाळ्यात माझे पित्ताशय काढले. शस्त्रक्रिया साधी म्हणून सुरू झाली आणि साधी राहिली नाही. बरेच दिवस मी दवाखान्यात होते. भाऊ आला नाही. यजमान सांगत की तो रोज फाटकापर्यंत येतो, चहाच्या टपरीशी उभा राहतो आणि परत जातो. मी म्हटले, "मग त्याला वर बोलवा की." ते म्हणाले, "मी हाक मारली. तो काहीतरी बोलला, पण मला ऐकू नाही आलं." अशा माणसांच्या भरवशावर मी आजारी पडले होते.

मग एके दुपारी यजमानांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "त्यानं दिलाय." लेकीने लॅपटॉप उघडला. फाइलचे नाव 'ताई'. पुढे काही नाही.

"आई, रिकामी आहे गं," लेक म्हणाली. "कोरं पान. चुकून आली असेल."

मी चष्मा लावून पाहिले. पान कोरेच होते. पण चारी बाजूंनी ब्लीड सोडलेला होता. पुरता, मापात, कोपऱ्यांवर कापायच्या खुणांसकट. कोऱ्या पानाला ब्लीड लागत नाही. पांढऱ्याच्या कडेला पांढरी चीर कोणाला दिसणार? छपाईच्या दृष्टीने ते काम शुद्ध वेडेपणाचे होते. मी इतकी हसले की टाके दुखले आणि नर्स धावत आली. मग डोळ्यांना पाणी आले. ते टाक्यांमुळे, असे मी नर्सला सांगितले.

"फाइल बरोबर आहे," मी लेकीला म्हटले. "जपून ठेव."

सबब, माझ्या पश्चात संपूर्ण दुकान, खालची व वरची खोली, खिडकीजवळच्या टेबलासह, माझ्या धाकट्या भावास मिळावे. लेकीला दुकान नको आहे, तिने तसे स्पष्ट सांगितले आहे. अट एकच. माझ्या हयातीत भावाने स्वतः रस्ता ओलांडून यावे व माझ्याशी तोंडाने बोलावे. फाइल पाठवल्यास ती ग्राह्य धरली जाणार नाही.

कलम सात. वरील सहा कलमे लिहून झाल्यावर जे घडले ते वकीलबाईंच्या सल्ल्याने इथे जोडत आहे.

वकीलबाईंचा प्रिंटर बिघडला. त्यांच्या कारकुनाने मसुदा पेन ड्राइव्हवर घेतला आणि प्रिंट काढायला गल्लीत जे पहिले दुकान दिसले तिथे गेला. ते माझ्या भावाचे होते. मी, यजमान आणि वकीलबाई इथे खालच्या खोलीत सह्यांसाठी बसलो होतो. कारकून आला, आणि त्याच्यामागून कागदांचा गठ्ठा घेऊन भाऊ. केस पुष्कळ पिकले आहेत. रस्त्यापलीकडून ते इतके दिसत नव्हते. तो उंबऱ्यात थांबला, घसा खाकरला.

"ताई, हे असं छापायचं नाही."

मी चष्मा लावला. मग म्हणाले, "का? काय झालं?"

"डावीकडे समास बघ. शिवायला जागाच सोडली नाहीस. उद्या कचेरीत शिवतील, तेव्हा 'धाकट्या' हा शब्द शिवणीत जाईल."

"जाऊ दे," यजमान म्हणाले. त्यांना हे मात्र नेमके ऐकू आले. "हिला भाऊ एकच आहे."

"आणि माऊस माझा होता."

"दुकानाचा होता."

"माझा होता, ताई! तुझ्या माऊसचं चाक मोडलेलं होतं, म्हणून मी माझा आणला होता."

"मग त्याची पावती दाखव."

"पावती माऊसची? इतक्या वर्षांनी?"

वकीलबाईंनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि बिस्किटे खात बसल्या. आम्ही माऊसवर भांडलो, समासावर भांडलो, लग्नपत्रिकेतल्या निळ्यावर भांडलो. घसा कोरडा पडला तेव्हा त्याने कागद माझ्यासमोर ठेवले आणि सहाव्या कलमावर बोट ठेवले.

"हे मला नको."

"दुकान नको तुला?"

"दुकान पाहिजे. तू मेल्यावरचं नको. तेव्हा मी वर बसणार आणि खाली कोण असणार? ओरडणार कोण माझ्यावर?" तो जिन्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "द्यायचं तर उद्यापासून दे."

मी म्हटले, "वर जुने कागद साठलेत. आधी झाडावं लागेल."

"झाडतो की."

"उद्या कशाला मग?"

वकीलबाईंनी बिस्किटे बाजूला ठेवली व कळवले की अट पुरी झाली आहे, आणि वरची खोली हयातीतच द्यायची तर वेगळे दानपत्र करावे लागेल. ते करत आहोत. खालची खोली मात्र माझ्या पश्चातच. तोवर तिथे मी बसणार आहे आणि मला काही घाई नाही. सहावे कलम मी खोडलेले नाही, कारण त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे. माऊसबाबतचा सुद्धा.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी दोनदा वाचले, एकदा मजकुरासाठी व एकदा चुकांसाठी. आधी कुठे काही लिहून ठेवले असल्यास ते या लेखाने रद्द समजावे. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. साक्षीदार म्हणून सही करायला भाऊ पुढे सरसावला होता. ज्याला लाभ होतो त्याने साक्ष घालू नये, असे वकीलबाईंनी सांगितल्यावर तो म्हणाला, "मग मी नुसता वर जाऊन बसतो," आणि गेला.

लिहून देणार: प्लेटवाली ताई (सही)

साक्षीदार पहिला: गल्लीतला बाइंडर. मजकूर वाचला नाही, समास पाहिला, आता ठीक आहे. (सही)

साक्षीदार दुसरा: वकीलबाईंचा कारकून. प्रिंट मीच काढून आणले. (सही)

दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

स्थळ: दुकानाची खालची खोली. वर झाडलोट चालू असल्यामुळे फळ्यांतून सह्यांवर धूळ पडली आहे. तिला खाडाखोड समजू नये.