साखरशेतवरच्या घिरट्या

आये, आज दुपारी साखरशेतला आपल्या घरी ओटीवर पडलो होतो, तर वर एकच विमान पुन्हा पुन्हा फिरताना दिसलं. तू असतीस तर वाट चुकलं का म्हणून विचारलं असतंस.

तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा भाताची झोडणी चालली होती. मुंबईला कंट्रोल रूममध्ये बसून विमानं उतरवायची माझी नोकरी, आणि तीच विमानं आपल्या डोक्यावर उगाच फिरताना बघून तुला माझीच काळजी लागली. मग मी शहाण्यासारखा समजावत बसलो. रनवे दोन असले तरी एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालतो. पुढचं विमान बाजूला झाल्याशिवाय मागच्याला उतरवता येत नाही. मोठ्याच्या मागे लहान असेल तर अंतर जास्त सोडायचं, कारण मागची हवा ढवळलेली असते. पाऊस आला की सगळंच मंदावतं. उरलेल्यांना इकडे डोंगरावर फिरवत ठेवायचं. भारा आपटता आपटता तू पाड्याच्या एकुलत्या खळ्याकडे बघितलंस.

"म्हंजे शेजारनीचं भात उचलल्याबिगर आपला भारा आनायचा नाय. तसाच ना?"

तसंच, म्हटलं. तेव्हापासून विमान घिरट्या घालायला लागलं की माझ्याकडे गर्दी झाली असं तू धरून चालायचीस, आणि तेवढा वेळ मला फोन करायला घरात सगळ्यांना बंदी. मी हसायचो, पण बरं वाटायचं. माझ्या कामाची इतकी कदर दुसऱ्या कुणी केली नाही.

मग एका श्रावणात तुला धाप लागली. मोखाड्याहून जीप येईपर्यंत तू याच ओटीवर पडून होतीस. ढगांआड विमानांचा आवाज फिरत होता. दादाने मला लावायला फोन काढला, तर तू त्याचा हात धरलास.

"त्याला नको बोलवू. वर इमानं अडकलीत. तो कामात हाय."

जीप आली तेव्हा तू गेली होतीस. हे सांगताना दादा अजून रडतो, आणि वर मलाच धीर देतो, की जबाबदारीचं काम तुझं, तुझा इलाज नव्हता. मी नुसती मान हलवतो.

तुला सगळं समजावलं, पण आमच्याकडे पाळ्या असतात, मी नसलो तरी दुसरा कुणी विमानं उतरवतो, एवढंच सांगायचं राहिलं. आये, त्या दिवशी माझी सुट्टी होती. मी मुंबईत खोलीवरच होतो, फोन शेजारी होता. तुझा आवाज तरी ऐकला असता. दादाला हे कळू दिलेलं नाही, म्हणून हा कागदही त्याच्या हाती लागू देणार नाही.