बाबांनी सरळ केलेले केस

बाबा,

मुलाखतीला निघाले. खाली तुमच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून हाक मारली नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा अक्षर गोड मानून घ्या.

सकाळी इस्त्रीच्या कपड्यावर मारावं तसं तुम्ही माझ्या केसांवर पाणी मारलंत आणि मी केवढ्याने ओरडले! ओल्या केसांवर स्ट्रेटनर फिरवला की केस करपतात, म्हणून. मग तुम्ही ते नीट वाळवलेत, आच कमी केलीत आणि एकेक बट हळूच सरळ केलीत. माझा कान वाचला, तुमचं बोट भाजलं. मलम टेबलावर ठेवलंय, लावाच. प्लग काढलाय.

नोकरी परगावची, तुम्हाला नको असलेली. तरी मला इतकं छान तयार करून पाठवलंत. आरशात बघून रडूच आलं, बाबा.

तुमची ठकी